वजा वजा अधिक

सातवीतल्या मुलाला ‘ऋण गुणिले ऋण?’ असे विचारले, की आपले वाक्य पुरे व्हायच्या आत तो ‘धन’ म्हणतो. मग त्यालाच फळ्यावर −५ − ३ लिहून द्यावे. बरीच मुले ८ लिहितात, आणि का म्हणून विचारले तर पाठ केलेली ओळ म्हणून दाखवतात: वजा वजा अधिक. मी वर्षानुवर्षे गणित शिकवते आहे. पूर्णांक संख्यांच्या प्रकरणात मला सर्वांत जास्त भेटलेली चूक हीच. ती आळशी मुलांची चूक नाही. पाठांतर चोख असलेली, गृहपाठ वेळेवर आणणारी मुलेही ती करतात. नियम त्यांच्याजवळ आहे, पण तो गुणाकाराचा आहे ही खूण कुठेतरी गळून गेलेली आहे.

आपल्याकडे पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी सहावीत येते, गुणाकार-भागाकार सातवीत. सहावीत मूल संख्यारेषेवर चालायला शिकलेले असते. −५ वरून आणखी तीन घरे डावीकडे गेले की −८, हे ते बोट ठेवून दाखवते. सातवीच्या पहिल्याच तासाला चिन्हांचा तक्ता समोर आला, की तो इतका आटोपशीर आणि तोंडात बसणारा असतो, की संख्यारेषा बिचारी मागे पडते. म्हणून माझ्या वर्गात तक्ता उशिरा येतो. आधी पाढा येतो.

तीनाचा पाढा उलटा म्हणायला लावते. तीन चोक बारा, तीन त्रिक नऊ, तीन दुणे सहा, तीन एके तीन, मग शून्य. दर पायरीला उत्तर तीनाने उतरते. पुढची पायरी ३ × (−१). मुले न सांगता −३ म्हणतात, मग −६, −९. इथे नवे काही नाही. ३ × (−२) म्हणजे −२ तीनदा मिळवायचे, ते सहावीतच आले आहे. आणि गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, म्हणून (−३) × २ सुद्धा −६.

आता −३ चा पाढा. (−३) × ३ = −९, (−३) × २ = −६, (−३) × १ = −३, (−३) × ० = ०. खडू इथे खाली ठेवायचा. उत्तर दर पायरीला तीनाने चढते आहे हे कोणाला तरी आधी दिसते, आणि ‘तीन!’ असा आवाज मागच्या बाकावरून येतो. (−३) × (−१) = ३. त्यांच्या तोंडून ते निघाले, मी सांगितलेले नाही, याला शिकवण्यात फार किंमत आहे.

पण खरा तास पुढे आहे. ‘मॅडम, शून्याच्या खालीही तसेच चालेल कशावरून?’ असे विचारणारे मूल वर्गात असले तर मला मनापासून आनंद होतो, कारण ते बरोबर विचारते आहे. क्रम दिसला म्हणजे सिद्ध झाले असे नाही. कोणी विचारले नाही तर मी स्वतः विचारते. मग फळ्यावर एवढेच लिहिते: २ + (−२) = ०. दोन्ही बाजूंना −३ ने गुणा. उजवीकडे शून्यच राहते. डावीकडे वितरण नियमाने (−३) × २ आणि (−३) × (−२) यांची बेरीज. त्यातला पहिला गुणाकार −६, तो आपल्याला माहीत आहे. −६ मध्ये काय मिळवले की शून्य होईल? सहाच, दुसरे काही नाही. ऋण गुणिले ऋण धन मानले नाही, तर मुले तिसरीपासून वापरत आलेला वितरण नियम मोडतो. हे कारण सातवीच्या मुलाला पेलत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चार ओळी आहेत, आणि प्रत्येक ओळ त्याच्या ओळखीची आहे.

व्यवहारातले उदाहरणही हवेच. कर्जाचे उदाहरण बेरजेला उत्तम चालते, पण गुणाकारात पुढे जात नाही. कर्जाला कर्जाने गुणायचे म्हणजे काय करायचे, याला धड उत्तर नाही. मी विहीर घेते. उन्हाळ्यात पाणी रोज दोन हात उतरते आहे, म्हणजे −२. तीन दिवसांनी ते आजच्यापेक्षा सहा हात खाली असेल. तीन दिवसांपूर्वी, म्हणजे −३ दिवसांनी, ते कुठे होते? सहा हात वर. गावातल्या मुलाला यात शंका उरत नाही. चिन्ह इथे दिशा सांगते, आणि −१ ने गुणणे म्हणजे शून्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर जाणे.

ही दिशेची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचे नियम सांगितले. दोन ऋणांचा गुणाकार धन हे त्यात स्पष्ट आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे: बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या शिरोबिंदूतून लंब टाकला तर तो पायाच्या बाहेर पडतो. पायाचा एक खंड १५ येतो, दुसरा −६. भास्कराचार्य सांगतात की ऋण खंड उलट्या दिशेला आहे असे समजावे. मुलांकडून तो त्रिकोण काढून घ्यावा. १० चा वर्ग वजा ६ चा वर्ग ६४, १७ चा वर्ग वजा १५ चा वर्गही ६४, लंब ८. आकृतीत −६ डोळ्यांना दिसतो, तेव्हा ऋण संख्येबद्दलचा परकेपणा कमी होतो.

आणि हा परकेपणा फक्त मुलांना वाटतो असे नाही. वजा गुणिले वजा अधिक का, हे विद्यार्थिदशेत आपल्याला कोणी समजावून देऊ शकले नाही, असे फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. अशी हुरहुर घेऊन शाळा सोडणारी मुले आजही आहेत, आणि ती गणितात कच्ची असतात असे मुळीच नाही.

भागाकाराला मी वेगळा नियम देत नाही. (−१२) ÷ (−४) म्हणजे −४ ला कशाने गुणले की −१२ येतील? तीनाने. (−१२) ÷ ४? −३. शून्याने का भागता येत नाही, हेही याच प्रश्नातून कळते: शून्याला कशानेही गुणून ५ येत नाहीत. हुशार मुलांसाठी एक गंमत मात्र राखून ठेवते. −७ ला २ ने भागले तर पूर्णांकात भागाकार किती आणि बाकी किती? पायथन ही संगणकभाषा −४ आणि बाकी १ सांगते, सी ही भाषा −३ आणि बाकी −१. ताळा दोन्हींचा जुळतो. कोणता संकेत धरायचा ते माणसांनी ठरवले आहे. (−३) × (−२) चे तसे नाही, तिथे दुसऱ्या उत्तराला जागाच नाही. संकेत कुठला आणि सक्ती कुठली, यातला फरक मुलांना या वयात कळावा असे मला फार वाटते.

तक्ता त्यानंतर येतो, आणि मुलेच तो भरतात. वर मोठ्या अक्षरांत लिहिते: फक्त गुणाकार आणि भागाकार.

सातवीला शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. वही तपासताना −५ − ३ च्या पुढे ८ दिसला, तर लाल फुली मारण्याआधी मुलाला जवळ बोलावून ‘हे कसे काढलेस?’ एवढे विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.