'शेवटची पाळी कधी?' एवढं तरी विचारा

मी ऑटिस्टिक आहे. डोंबिवली-ठाणे लोकलमधला गोंगाट, परफ्यूमचे वास एरवी कसेबसे सोसते. पाळीआधीच्या आठवड्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन उतरतात आणि तोच लेडीज डबा अंगावर येतो. तोंडातून शब्द फुटत नाही, जगणं नकोसं होतं. पाळी आली की दोन दिवसांत सगळं शांत!

पाळीआधीच्या अशा तीव्र त्रासाला पीएमडीडी म्हणतात. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये त्याची नोंद आहे. निदानाला दोन महिन्यांच्या रोजच्या नोंदी लागतात. माझी वही तयार आहे. पण स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, मानसोपचारवाल्यांकडे जा. ते म्हणतात, ऑटिझममुळेच होतंय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आला. आता मानसोपचाराच्या प्रत्येक ओपीडीत पाळीची तारीखही विचारा की. त्याला कुठे वेगळा निधी लागतो?