‘ळ’ची परीक्षा

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आपले आडनाव सांभाळणे हे घर सांभाळण्याइतकेच नित्याचे काम होऊन बसते. आम्ही ज्या प्रदेशाला माळवा म्हणतो, त्याला आमचे शेजारी मालवा म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही आणि आमचाही नाही. परंतु काळ्यांचे ‘काले’ आणि पळसुल्यांचे ‘पलसुले’ एकदा सरकारी कागदावर उतरले, की दाखला एक सांगतो व गुणपत्रिका दुसरे, आणि बिचाऱ्या मुलाला शपथपत्रे करीत हिंडावे लागते.

शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर संगणकात उतरविले गेले, तेव्हा नेमके हेच झाले. टंकलेखक हिंदीभाषी, त्याच्या बोटांना ‘ळ’ची सवय नव्हती. हजारो ओळी हाताने दुरुस्त करणे आमच्या दोन लेखनिकांच्या आवाक्याबाहेरचे होते. अशा वेळी संगणकाच्या व्यवसायात असलेला आमचा एक माजी विद्यार्थी मदतीस आला. त्याने ‘सेड’ नावाचे एक साधन पुढे केले.

हे साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहॉन यांनी १९७३-७४ च्या सुमारास रचले, आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतून ते सर्वदूर गेले. त्याला ना चित्रे, ना खिडक्या. आपण आज्ञेची एक ओळ लिहायची. मग मजकूर पाटाच्या पाण्यासारखा त्यातून वाहत जातो. एक ओळ आत येते, आज्ञेप्रमाणे बदलते आणि बाहेर पडते, पुढे दुसरी. ‘जेथे काले दिसेल तेथे काळे कर’ एवढे सांगितले, की क्षणार्धात सारे रजिस्टर पालटते. आम्ही म्हटले, “मग सांगून टाक!” तो नम्रपणे म्हणाला, “सर, आधी परीक्षा लिहू, मग आज्ञा.”

ही परीक्षा म्हणजे काय, हे शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. नमुन्याच्या काही ओळी एका फाईलमध्ये ठेवायच्या, ही प्रश्नपत्रिका. त्या ओळी दुरुस्तीनंतर कशा दिसल्या पाहिजेत हे दुसऱ्या फाईलमध्ये लिहायचे, ही आदर्श उत्तरपत्रिका. मग यंत्राने आज्ञा चालवावी आणि निघालेले उत्तर आदर्श उत्तराशी अक्षरशः ताडून पाहावे. दोन्ही जुळली तर तुलना करणारा प्रोग्रॅम एक शब्दही बोलत नाही. फरक असेल तरच तोंड उघडतो. आज्ञेत काना-मात्रेचा बदल केला तरी सारी परीक्षा पुन्हा आपोआप घेतली जाते. खुद्द ‘सेड’ची ‘ग्नू’ आवृत्तीही अशाच प्रश्नपत्रिकांच्या मोठ्या संचातून तपासली जाते. त्यातील एका चाचणीत लिबियाच्या गद्दाफींच्या नावाची रोमन लिपीतील नाना रूपे आहेत. नावांचे दुखणे आपल्यापुरतेच नाही, हे वाचून आम्हांस थोडे बरे वाटले.

आमच्या प्रश्नपत्रिकेत चाळीस ओळी होत्या, आणि पहिल्याच फेरीत यंत्र बोलू लागले. शेऱ्याच्या रकान्यात एके ठिकाणी हिंदीत ‘निकाले गए’ असे होते. त्याचे ‘निकाळे गए’ झाले! मग बदल आडनावाच्या रकान्यापुरता बांधला. पुढची अडचण अधिक नाजूक होती. एक घराणे तीन पिढ्यांपासून स्वतःच ‘काले’ अशी सही करीत आले आहे. त्यांना बळेच ‘काळे’ करणे हाही अन्यायच. तेव्हा आडनाव पाहून नव्हे, तर दाखल-क्रमांक पाहून बदल करावा असे ठरले. तेथेही परीक्षा उपयोगी पडली: ११२ क्रमांकासाठी लिहिलेली आज्ञा ११२५ लाही लागू होत होती, कारण त्याचाही आरंभ ११२ नेच होतो. क्रमांकानंतरचा स्वल्पविराम आज्ञेत घातला, तेव्हा ते थांबले.

सर्वांत चकविले ते बऱ्हाणपूरकरांनी. डोळ्यांना दोन्ही ओळी एकच दिसत, तरी यंत्र फरक आहे म्हणून सांगे. शोध घेता कळले, की ‘ऱ’ हे अक्षर संगणकात एकसंधही लिहिता येते आणि साध्या ‘र’खाली नुक्ता देऊनही, पडद्यावर रूप एकच, आतले संकेत निराळे. अशा नावाचा शोध घेतला तर ते सापडत नाही, आणि मुलाची शाळेत नोंदच नाही असे उत्तर मिळते. मग सर्व ‘ऱ’ एकसंध करून घेतले.

या साऱ्यात आम्हांस मोलाची वाटली ती एक शिस्त. आदर्श उत्तर यंत्राच्याच उत्तरावरून उतरवून घ्यायचे नाही. तसे केले तर विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासल्यासारखे होते, आणि चूक कायमची बरोबर ठरते. आमची उत्तरपत्रिका आम्ही हस्तलिखित रजिस्टर समोर ठेवून, आणि जेथे शाई पुसट होती तेथे त्या त्या घरी विचारून लिहिली. काही घरांत आजोबांनी एक सांगितले व नातवाने दुसरे. तेथे घरातच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. शिवाय जे विचारले नाही त्याचे उत्तर कोणतीच परीक्षा देत नाही. म्हणून नवी चूक सापडली, की तिची एक ओळ प्रश्नपत्रिकेत कायमची जोडायची. ती चूक पुन्हा आली तर लपून राहत नाही.

वाचकहो, यंत्रे यापुढे आपली नावे अधिकाधिक लिहिणार आहेत, आणि फार वेगाने लिहिणार आहेत. परंतु काळे की काले, हे ठरविण्याचे काम त्यांचे नव्हे. प्रत्येक घराने आपल्या आडनावाचे शुद्ध रूप थोरामोठ्यांना विचारून स्वच्छ अक्षरात एका कागदावर लिहून जपून ठेवावे. ताडून पाहणारे पुष्कळ मिळतील. ताडण्याजोगे मूळ मात्र आपल्याच घरात असायला हवे.