ओसूचा पांढरा किल्ला

पश्चिम आफ्रिकेचा नकाशा पुढें उघडला म्हणजे विषुववृत्ताच्या थोडें वर, गिनीच्या आखाताच्या कांठीं, अक्रा हें नांव दिसतें. घाना देशाची ही राजधानी. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा देश त्यांच्या नकळत पोंचलेला आहे. कारण मुलांच्या हातांतील चॉकलेट ज्या कोकोचें होतें तो पिकविण्यांत घाना अग्रेसर आहे. एके काळीं या किनाऱ्यास ‘गोल्ड कोस्ट’ म्हणजे सोन्याचा किनारा म्हणत. ६ मार्च १९५७ रोजीं तेथील इंग्रजी अंमल संपला व घाना हें स्वतंत्र राष्ट्र जन्मास आलें. परंतु त्यानंतरच्या पहिल्या ३६ वर्षांपैकीं सुमारें २२ वर्षें या राष्ट्रावर लष्करी मंडळांनीं राज्य केलें. तें राज्य कसें आलें, कसें चाललें आणि कसें गेलें, हें अक्रा शहरांत हिंडतांना जागोजाग दिसतें. आम्हीं तेथें जें पाहिलें त्याच वाटेनें वाचकांस नेण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ ओसूच्या किल्ल्यापासून करणें योग्य. अटलांटिकच्या लाटा ज्याच्या पायथ्याच्या खडकांवर अखंड आपटत असतात असा हा पांढराशुभ्र किल्ला डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनीं १६६१ सालीं उभारण्यास घेतला आणि आपल्या राजाच्या नांवावरून त्यास क्रिस्तियान्सबोर्ग हें नांव दिलें. वर व्यापाऱ्यांचीं दालनें आणि खालीं गुलामांच्या अंधाऱ्या कोठड्या, अशी त्याची रचना. त्या कोठड्यांतून माणसें काढून जहाजांत भरीत व महासागरापलीकडे विकीत. १८५० सालीं डेन्मार्कनें या किनाऱ्यावरील आपलीं सारीं ठाणीं इंग्रजांस १०,००० पौंडांस विकलीं. पुढें इंग्रज गव्हर्नर येथें राहूं लागला आणि स्वातंत्र्यानंतरहि राज्यकारभाराचें मुख्य आसन बहुतेक काळ येथेंच राहिलें. अक्राच्या लोकांच्या तोंडीं ‘कॅसल’ याचा अर्थच सरकार असा झाला. भिंतींस चुना नवा लागे, आंतील धनी बदले. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसास दार उघडणें न उघडणें हें मात्र नेहमीं आंतल्याच्या मर्जीवर राही.

किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चौक आहे. दुसऱ्या महायुद्धांत गोल्ड कोस्टचे हजारों तरुण इंग्रजी फौजेंत दाखल झाले व पश्चिम आफ्रिकेच्या ८१ आणि ८२ या क्रमांकांच्या डिव्हिजनांतून हिंदुस्थानमार्गें ब्रह्मदेशांत जाऊन जपान्यांशीं लढले. अक्रा येथील मोठ्या लष्करी छावणीस अद्यापि ‘बर्मा कँप’ म्हणतात, तें त्याच आठवणीनें. हे शिपाई घरीं परतले. परंतु कबूल झालेलें पेन्शन व कामधंदा त्यांस मिळेना. तेव्हां २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ते गव्हर्नरास अर्ज देण्यासाठीं निःशस्त्र किल्ल्याकडे निघाले. या चौकांत पोलिसांनीं त्यांस अडविलें. इंग्रज पोलीस अधिकाऱ्यानें गोळ्या झाडल्या व सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि शिपाई ओडार्टे लॅम्प्टे हे तिघे मृत्युमुखीं पडले. शहर पेटून उठलें आणि स्वातंत्र्याच्या चळवळीस वेग आला. शिपाई या किल्ल्याकडे प्रथम आला तो असा, अर्जदार म्हणून. अठरा वर्षांनीं तो पुन्हां आला तेव्हां त्याच्या हातीं अर्ज नव्हता.

तसें होण्यास कारणेंहि घडलीं होतीं. स्वातंत्र्याचे धुरीण क्वामे एन्क्रुमा हे प्रथम पंतप्रधान व १९६० पासून अध्यक्ष झाले. त्यांनीं शाळा, रुग्णालयें, टेमाचें बंदर व व्होल्टा नदीवरचें अकोसोंबोचें धरण उभारलें. पण १९५८ सालींच चौकशीवांचून स्थानबद्ध करण्याचा कायदा केला व १९६४ सालीं आपल्याखेरीज दुसरा पक्षच ठेवला नाहीं. स्वातंत्र्यासाठीं झटलेले वृद्ध पुढारी डॉ. डांक्वा हे १९६५ सालीं तुरुंगांतच वारले. कोकोचा भाव कोसळला आणि कर्जाचा डोंगर झाला. २४ फेब्रुवारी १९६६ रोजीं, एन्क्रुमा हनोईच्या वाटेवर पेकिंग येथें असतां, कर्नल कोटोका व मेजर अफ्रिफा यांनीं पोलिसांच्या संगनमतानें राज्य हस्तगत केलें. लोक रस्त्यांवर नाचले. एन्क्रुमांचा पुतळा जमावानें पाडला. त्याचा शिरविरहित भाग व तें शिर आज त्यांच्याच स्मारकाच्या बागेंत मांडून ठेवलेलें आहे.

या वेळीं सत्तेवर आलेल्या मंडळाचें नांव राष्ट्रीय मुक्ति मंडळ. त्यांत आठ सभासद होते, चार सैन्याचे व चार पोलिसांचे; जनरल अँक्रा हे अध्यक्ष. मंडळानें राज्यघटना तहकूब केली, कायदेमंडळ मोडलें, पक्षांवर बंदी घातली आणि हुकूमनामे काढून कारभार चालविला. हुकूम करणारेहि तेच आणि अंमल करणारेहि तेच. दफ्तरें पूर्वीचे अनुभवी मुलकी अधिकारी सांभाळीत. एवढें मात्र म्हटलें पाहिजे कीं या मंडळानें स्थानबद्धांस सोडलें आणि दिलेल्या शब्दाप्रमाणें १९६९ सालीं निवडणुका घेऊन डॉ. बुसिया यांच्या हातीं राज्य सोंपविलें. पण एक वाट पडली ती पडलीच. कर्नलानें दार फोडलें तर लेफ्टनंटानें कां फोडूं नये? एप्रिल १९६७ मध्यें लेफ्टनंट आर्थर यांच्या टोळीनें उठाव केला; तो फसला, परंतु त्यांत कोटोका मारले गेले. त्यांचा पुतळा विमानतळाच्या आवारांत उभारण्यांत आला आणि १९६९ सालीं विमानतळासहि त्यांचेंच नांव देण्यांत आलें. परदेशचा पाहुणा घानाच्या भूमीवर पाय ठेवी तो पन्नासांहून अधिक वर्षें याच नांवाखालीं. आर्थर यांस टेशी येथें लोकांसमक्ष गोळ्या घालण्यांत आल्या. टेशी हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

बुसियांचें राज्य सव्वादोन वर्षेंच टिकलें. नाण्याची किंमत एकदम उतरविल्यानें महागाई भडकली आणि १३ जानेवारी १९७२ रोजीं, बुसिया औषधोपचारासाठीं लंडनला गेले असतां, कर्नल आचेआंपोंग यांनीं सत्ता घेतली. आतां नांव राष्ट्रीय उद्धार मंडळ. आरंभ बरा झाला. ‘आपलें अन्न आपण पिकवा’ ही मोहीम निघाली व अंगणांतहि मका डोलूं लागला. पण १९७५ सालीं या मंडळावर सर्वोच्च लष्करी मंडळ बसलें, निरनिराळ्या दलांचे प्रमुख त्याचे सभासद झाले आणि आयातीचे परवाने मर्जींतल्या माणसांस वाटले जाऊं लागले. साबण, साखर, दुधाचे डबे बाजारांतून नाहींसे होऊन आडमार्गानें चौपट भावानें मिळत. या काळ्या व्यवहारास तेथील लोकांनीं ‘कालाबुले’ असें नांव पाडलें. १९७७ सालीं वस्तूंचे भाव एका वर्षांत दुपटीहून अधिक झाले. कोठाराचा कारभारी चोर निघाला म्हणून रखवालदारानें किल्ल्या घ्याव्या आणि मग कोठारच रितें व्हावें, तशी ही गत. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी, असें आपल्याकडे म्हणतात तें घानाच्या गृहिणींनीं रोजच्या चुलीपाशीं अनुभविलें. १९७८ सालीं आचेआंपोंगांस त्यांच्याच सोबत्यांनीं दूर केलें व जनरल अकुफो अध्यक्ष झाले.

त्यानंतर आला ४ जून १९७९. बंडाच्या आरोपावरून कोठडींत असलेले हवाई दलाचे अधिकारी जेरी रॉलिंग्ज, वय अवघें ३१, यांस साध्या शिपायांनीं सोडवून आणलें व सशस्त्र दल क्रांति मंडळ स्थापिलें. (ज्या हवाई दलांत ते होते त्याच्या उभारणीस १९५९ सालीं हिंदी अधिकाऱ्यांचा हातभार लागला होता.) या मंडळानें घरशुद्धीची घोषणा केली. टेशीच्या समुद्रकांठच्या निशाणीच्या मैदानांत त्या जून महिन्यांत आठ वरिष्ठ अधिकाऱ्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांत राष्ट्राचे तीन माजी प्रमुख होते: आचेआंपोंग, अकुफो आणि अफ्रिफा. होय, १९६६ सालीं ज्यांनीं हें दार प्रथम फोडलें तेच अफ्रिफा.

शहराच्या मध्यभागीं माकोला बाजार आहे. घानांत किरकोळ व्यापार मुख्यतः स्त्रियांच्या हातीं असतो. डोकीवर टोपली घेऊन आरंभ केलेल्या बायांनीं पिढ्यान् पिढ्या राबून तेथें दुकानें थाटलीं होतीं. त्यांवर मोठमोठीं कुटुंबें पोसलीं जात व मुलें शिकत. महागाईचा सारा दोष या बायांवर ठेवून १८ ऑगस्ट १९७९ रोजीं शिपायांनीं जुना माकोला बाजार पाडून टाकला. माल लुटला गेला, कित्येकींस फटके बसले. भाव मात्र उतरले नाहींत. कारण मालच नव्हता. पाडलेल्या बाजाराच्या जागीं पुढें मोटारतळ झाला, आणि त्यास लोक रॉलिंग्जांच्या नांवानें ओळखतात. आजूबाजूस मात्र बाजार पुन्हां भरगच्च भरला आहे व कापड, मासळी, मिरच्या यांचे ढीग मांडून बसलेल्या बाया तितक्याच ठसक्यानें भाव सांगतात.

क्रांति मंडळानें २४ सप्टेंबर १९७९ रोजीं निवडून आलेल्या लिमान सरकारास राज्य दिलें. पण ३१ डिसेंबर १९८१ रोजीं रॉलिंग्ज पुन्हां आले. या खेपेचें नांव हंगामी राष्ट्रीय संरक्षण मंडळ. पहिल्या सात सभासदांत एक कॅथलिक धर्मगुरु, एक कामगार पुढारी आणि सार्जंटाच्या दर्जाचा शिपाईहि होता. ‘हंगामी’ म्हणविणारें हें मंडळ अकरा वर्षें चाललें. १९८३ सालीं अवर्षण पडलें, रानें पेटलीं, त्यांतच नायजेरियानें सुमारें दहा लक्ष घानावासीयांस परत धाडलें. उपासानें गळ्याचीं हाडें वर आलीं, त्यांस लोक ‘रॉलिंग्जचा हार’ म्हणत. पुढें मंडळानें आर्थिक धोरण बदललें व देश हळूहळू सावरला, हेंहि नमूद केलें पाहिजे.

परंतु या मंडळाची खरी कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या आवारांत दिसते. तेथें तीन न्यायाधीशांचे अर्धपुतळे आहेत: न्यायमूर्ति सार्कोडी, न्यायमूर्ति अग्येपोंग आणि न्यायमूर्ति श्रीमती सेसिलिया कोरान्टेंग-अ‍ॅडो. १९७९ च्या मंडळानें शिक्षा दिलेल्या कांहीं लोकांची सुटका त्यांच्या निकालांनीं झाली होती. ३० जून १९८२ च्या रात्रीं त्यांस व निवृत्त मेजर अक्वा यांस आपापल्या घरांतून उचलून नेण्यांत आलें. शहरांत संचारबंदी होती. परवान्यावांचून गाडी फिरणें शक्य नव्हतें. श्रीमती कोरान्टेंग-अ‍ॅडो यांचें मूल अंगावर पीत होतें. चौघांसहि बुंडासे येथील लष्करी मैदानावर नेऊन गोळ्या घालण्यांत आल्या व प्रेतांस आग लावण्यांत आली. पण रात्रीं पाऊस पडला, आग विझली आणि तीन दिवसांनीं प्रेतें सांपडलीं. लोकक्षोभामुळें चौकशी नेमावी लागली. माजी सरन्यायाधीश अझू क्रॅब यांच्या चौकशीनें माग काढला तो थेट मंडळाच्याच एका सभासदापर्यंत, अमार्टे-क्वेई यांच्यापर्यंत, पोंचला. १९८३ सालीं त्यांस व इतर कांहींस मृत्युदंड झाला. दरवर्षीं घानाचे वकील या तीन पुतळ्यांपाशीं फुलें वाहतात.

१९९२ सालीं नवी घटना लोकमतानें मंजूर झाली व ७ जानेवारी १९९३ पासून चौथें प्रजासत्ताक सुरू झालें. या घटनेंत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं नांदतात. तिसरें कलम सांगतें कीं बळानें राज्य उलथणें हा राजद्रोह असून त्यास विरोध करणें हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आणि कर्तव्यहि आहे. शेवटच्या संक्रमणकालीन तरतुदी मात्र सांगतात कीं मागील सर्व लष्करी मंडळांच्या कृत्यांबद्दल कोणत्याहि न्यायालयांत दाद मागतां येणार नाहीं, आणि ही तरतूद कायदेमंडळानेंहि बदलूं नये. पुढचें दार बंद केलें खरें, पण मागच्यास कुलूप लावून किल्ली समुद्रांत टाकली.

अशा स्थितींत १९९३ च्या डिसेंबरांत एक प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. ३१ डिसेंबर, म्हणजे राज्य उलथल्याचा दिवस, सरकारी पैशानें सण म्हणून साजरा करावा काय? रॉलिंग्ज त्या वेळीं निवडून आलेले अध्यक्ष होते. न्यायाधीशांनीं पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं हा सण घटनेस धरून नाहीं. निकाल मानला गेला. दोन वेळां निवडून आल्यावर रॉलिंग्ज घटनेप्रमाणें पायउतार झाले आणि २००१ च्या जानेवारींत विरोधी पक्षाचे कुफूर अध्यक्ष झाले. टेशीस मारलेल्यांचे अवशेष त्याच वर्षीं उकरून त्यांच्या कुटुंबांच्या स्वाधीन करण्यांत आले. पुढें राष्ट्रीय समेट आयोगापुढें माकोलाच्या बायांसारख्या सामान्य माणसांनींहि आपली कहाणी सांगितली.

आज घानाचा अध्यक्ष ओसूच्या किल्ल्यांत बसत नाहीं. २०१३ सालीं कारभार तेथून हलून हिंदुस्थानच्या कर्जानें व मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीनें बांधलेल्या नव्या प्रासादांत गेला. मालींत २०२० सालीं, बुर्किना फासोंत २०२२ सालीं व नायजरमध्यें २०२३ सालीं शिपाई पुन्हां उद्धाराच्या गोष्टी सांगत आले आणि लोकांनीं पुन्हां रस्त्यांवर जयघोष केला. मुक्ति, उद्धार, क्रांति, संरक्षण, हीं चारहि नांवें घानाच्या लोकांनीं आधींच ऐकलीं आहेत. चांगला राज्यकर्ता कोणता, या प्रश्नाचें उत्तर त्यांना महागांत पडलें, पण मिळालें: ज्यास प्रश्न विचारून माणूस रात्रीं आपल्या घरीं निर्धास्त निजूं शकतो तो. न्यायालयासमोरचे ते तीन मुखवटे याहून वेगळें कांहीं सांगत नाहींत.