उतरलेले कपडे

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली किल्लारी-सास्तूरची माणसे झोपेत होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि दगडमातीची जाड भिंताडे त्यांच्या अंगावर कोसळली. हजारो माणसे गेली.

आम्ही वस्तीत दारोदार फिरून कपडे गोळा केले. रात्री विहारात गाठोडी सोडली आणि कपाळाला हात लावला. बिनबटणांचे सदरे, एकाच पायाचा मोजा, विटके परकर आणि वर एक टाय!

“टाय बांधून ढिगारा उपसायचा की काय?” शेजारच्या मावशी म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसलो.

मावशी मात्र गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “दुसऱ्यांची उतरलेली लुगडी नेसूनच माझी आई मेली. तेच आपण पुढे धाडायचे?”

कोणी बोलले नाही. रात्रभर आम्ही बटणे लावली, फाटके बाजूला काढले. पहाटे घरोघरच्या पेट्या उघडल्या, ठेवणीतले एकेक लुगडे, एकेक सदरा आला. सोमवारी कामावर जाताना आम्हालाच धड सदरा सापडेना, तेव्हा चिडचिडही झाली!

बंधुभगिनींनो, आपत्तीत सापडलेला माणूस भिकारी नसतो. आपण अंगावर घालू, तेच त्याला द्यावे.