तांदळाची खानेसुमारी

इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या ‘स्टॅन्स कॅफे’ या नाटकमंडळीने २००३ साली एक प्रयोग रचला. एक दाणा म्हणजे एक माणूस, एवढाच करार प्रेक्षकाशी करून मंडळीतील लोक तराजूवर तांदूळ जोखतात, कागदावर त्याचे ढीग घालतात आणि कोणता ढीग कोणाचा ते शेजारी लिहून ठेवतात. चंद्रावर चालून आलेल्यांचा ढीग १२ दाण्यांचा, चिमटीत मावेल एवढा. एखाद्या शहराच्या वस्तीसाठी मात्र पोती रिकामी करावी लागतात. २००५ साली श्टुटगार्ट येथे साऱ्या जगाची खानेसुमारी मांडली, तेव्हा शंभर टनांहून अधिक तांदूळ लागला.

शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आपल्या रीतीच्या हे अगदी उलट आहे. तिथे एक शीत साऱ्या पातेल्याची ग्वाही देते, इथे कोणताही दाणा शेजारच्याचा जामीन राहू शकत नाही.

ग्रॅममध्ये सुमारे ६० दाणे भरतात, हे कळल्यापासून सरकारी अहवाल वाचताना मनातल्या मनात तांदूळ जोखण्याची मला खोडच लागली आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे दगावली, असे सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने १९४५ साली नमूद केले. पुढे अमर्त्य सेन यांनी तो आकडा ३० लाखांच्या घरात नेला. १५ लाख म्हणजे २५ किलो, ३० लाख म्हणजे ५०. विद्वानांच्या वादातली ती सारी तफावत, म्हणजे अर्धे पोते तांदूळ. आणि ज्यांच्या नावे तो जोखावयाचा, ती माणसे ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाल्यावर, उरलेल्याचा भाव मजुरीच्या आवाक्याबाहेर गेल्यावर, तांदळावाचूनच मेली.

अन्न असे जमिनीवर मांडावे, हे पायाखाली आलेला दाणा उचलून कपाळी लावणाऱ्या घरात वाढलेल्या मला प्रथम रुचले नाही. परंतु त्या संकोचातच या प्रयोगाची मातब्बरी आहे. वाळूच्या ढिगाजवळून जाताना कोण पाऊल जपून टाकतो?

एक शंका तरीही उरते. तांदूळ निवडावयास ताटात घेतला की अखंड दाण्यांबरोबर कणी निघतेच, आणि बोटाने ती कडेला सारता येते. तराजूला ते साधत नाही, त्याच्या लेखी दोन तुकडे मिळून एक माणूस पुरा भरतो. आणि ५० किलो तांदूळ निवडत बसणार तरी कोण!