फळं कापायची सुरी

आम्हा गोंयकारांच्या घरात पात्यांना कधी तोटा नव्हता. मासे कापायला आदोळी, नारळाच्या झाडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या कमरेला कोयता, आणि आजोबांच्या कोटाच्या खिशात सुपारी-आंब्यासाठी एक मिटणारी छोटी सुरी. प्रत्येक पात्याचं काम ठरलेलं. "संरक्षणासाठी कुठलं पातं घेऊ?" हा प्रश्न त्या घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तो मला विचारला गेला हैदराबादेत.

२७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सारं शहर हादरलं. पुढच्याच महिन्यात हैदराबाद मेट्रोने स्त्रियांना मिरपुडीचा फवारा जवळ बाळगायची मुभा दिली. दिल्ली मेट्रोत तर २०१७ सालीच स्त्रियांसाठी चार इंचांपर्यंतच्या चाकूला सूट मिळाली होती. माझी भाची तेव्हा माधापूरला नोकरी करायची, रात्रपाळीही असायची. एका रविवारी ती घरी आली आणि बसायच्या आतच म्हणाली, "मामा, म्हाका एक बरीशी सुरी जाय. पर्सींत मावपा सारकी."

मी वीस-पंचवीस वर्षं कराटे करतो आणि चाकूंचं मला थोडं वेड आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. हसण्यावारी नेण्यासारखा तो नव्हता.

तर मंडळी, आधी चाकूबद्दल. मिटणारा चाकू घेताना चार गोष्टी बघाव्यात. पहिली, लॉक. स्विस चाकूची छोटी मॉडेलं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडी राहतात. सफरचंद कापायला ती उत्तम, पण टोकाकडून जोर पडला की पातं उलटून आपल्याच बोटांवर मिटतं. फ्रान्सच्या सव्वा प्रांतातला ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासूनचा. १९५५ साली त्याला फिरवून बसवायची कडी आली आणि पातं घट्ट राहू लागलं. हल्लीच्या पुष्कळ चाकूंत मुठीच्या आतली पोलादी पट्टीच पात्यामागे सरकून बसते. दुसरी गोष्ट, एका हाताने उघडता येणं. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ साली खिशाला अडकवायची क्लिप आणि अंगठ्याने उघडायची सोय असलेला चाकू काढला आणि रोज जवळ बाळगायच्या चाकूची तऱ्हाच बदलली. तिसरी, लांबी. अडीच-तीन इंचांचं पातं रोजच्या कामाला पुरतं.

चौथी गोष्ट पोलाद. साध्या कार्बन पोलादाला धार सुरेख लागते, निसण्यावर दोन हात मारले की झालं. पण आपल्या खाऱ्या, दमट हवेत ते एका पावसाळ्यात तांबूस होतं. हैदराबादच्या कोरड्या हवेत जे टिकतं ते म्हापशात टिकेलच असं नाही! गोव्याला जाऊन-येऊन असणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावं.

पोलादाचा विषय हैदराबादेत निघाला की एका गावाचं नाव घ्यावंच लागतं. निजामाबाद जिल्ह्यातलं कोनसमुद्रम. दमास्कसच्या तलवारी म्हणून जगात ज्यांची ख्याती झाली, त्यांच्यासाठी लागणाऱ्या कच्च्या पोलादाच्या वड्या दख्खनच्या अशा गावांतल्या मातीच्या मुशींतून निघत. इराणी व्यापारी ते न्यायला कोनसमुद्रमपर्यंत येत. तेलुगू-कानडीत पोलादाला 'उक्कु' म्हणतात. इंग्रजांचा 'वूट्झ' शब्द त्याचंच रूप मानला जातो. मायकेल फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञाने या पोलादावर प्रयोग केले होते. आज त्याच मुलुखात आपण परदेशी चाकूचं पातं कुठल्या पोलादाचं म्हणून विचारतो. असो.

कायद्याचंही सांगायला हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती वा शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. छोटा चाकू त्यात बसत नाही, पण जागोजागी वेगळे हुकूम असू शकतात, आणि "मारायला ठेवलाय" असं पोलिसाला सांगितलं की फळं कापायचा चाकूही शस्त्र होतो. विमानात तो केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनच्या बॅगेतच टाकावा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर भाची म्हणाली, "कळ्ळें. पूण कोणे धरलें जाल्यार?"

उत्तर तोंडी देण्यापेक्षा तिला आमच्या क्लासच्या हॉलवर घेऊन गेलो. बोथट केलेला, धार नसलेला सरावाचा चाकू तिच्या पर्समध्ये ठेवला, खांद्याला पर्स अडकवली आणि मी सात पावलांवर उभा राहिलो. अमेरिकेतला पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर याने १९८३ साली लिहून ठेवलंय की, चाकूवाला माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात तोडतो. मी काही तरुण नाही, तरी पहिल्या खेपेला तिचा हात पर्सच्या चेनवरच होता. दुसऱ्या खेपेला चाकू हातात आला, पण मिटलेला. तिसऱ्या खेपेला घाईत तो खाली पडला. आणि मी तर येणार आहे हे तिला आधीच माहीत होतं.

मग रबरी चाकूच्या धारेला तिचीच लिपस्टिक फासली आणि अर्धा मिनिट झटापट केली. थांबलो तेव्हा दोघांच्याही हातांवर, गळ्याजवळ लाल रेघा होत्या. चाकूच्या झटापटीत जिंकणाराही कापला जातो, हे शब्दांत सांगून पटत नाही. म्हणूनच अरनिस असो वा आयकिडो, सराव लाकडी चाकूने वर्षानुवर्षं चालतो, आणि बरे गुरू पहिला धडा देतात तो निसटून पळण्याचा.

ती रागावली. "म्हणजे पळायचंच ना? चुकी त्यांची आणि पळायचं मी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलाय, त्या हक्काला गरजेपुरत्याच बळाची मर्यादा आहे, हे सगळं खरं. पण रस्ता सुरक्षित ठेवायचं काम मुलीच्या पर्समधल्या तीन इंचांच्या पात्यावर टाकता येत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही सालारजंग संग्रहालयात गेलो. तिथे जेड दगडाच्या वस्तूंत जहांगीराचा खंजीर आहे आणि नूरजहानची फळं कापायची सुरीही आहे. एक मिरवायला, एक वापरायला. भाची सुरीसमोर जास्त वेळ उभी राहिली.

शेवटी काय घेतलं? एक छोटा स्विस चाकू, पार्सलं उघडायला आणि आंबे कापायला. कामाच्या वेळी हातात धरायला मिरपुडीचा फवारा, पर्समध्ये नव्हे. किल्लीच्या जुडग्याला शिटी. आणि दर रविवारी सकाळी क्लास. पकडलेलं मनगट सोडवणं, मोठ्याने ओरडणं, धावणं. ओरडायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला. चांगल्या घरातल्या मुलींनी ओरडायचं नसतं, हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं ना!

तुमच्या घरातल्या कुणी असा चाकू मागितला तर जरूर घेऊन द्या, सुरी ही कामाची वस्तू आहे. फक्त देण्याआधी एकदा विचारा, कशाची भीती वाटते म्हणून. त्या भीतीवरचा इलाज दुकानात मिळत नाही.