नांगर: शेतातला आणि समुद्रातला

लाकडी जहाजांचे नमुने बनवतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस रत्नागिरीचा किंवा मुरूडचा असणार. मी सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगचा. आमच्याकडे पाण्याचा विषय निघतो तो पाऊस लांबला की. पण या छंदाला लागणारं सगळं सामान याच भागात मिळतं. सुताराच्या दुकानातले सागवानाचे तुकडे, बांबू, आणि दोरखंडासाठी सोलापुरी चादरीच्या मागावरचं सूत. हातातली सवयही इथलीच आहे. मोहरमचे डोले-ताबूत बांधताना बांबूच्या कामट्या तासणं, वाकवणं, सांगाडा दोन्ही अंगांनी सारखा ठेवणं मी लहानपणी चाचांकडे बघून शिकलो. जहाजाचा सांगाडाही तेच मागतो.

सुरुवात करणाऱ्याने गलबत घ्यावं, गुराब नंतर. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. लांबीच्या मानाने रुंद, नाळ लांब पुढे आलेली, समोरूनही तोफा डागता येणारं. गलबत हलकं, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की गलबतंच गुराबांना ओढून नेत.

मी १:५० हे प्रमाण वापरतो. खऱ्या जहाजाचा एक मीटर म्हणजे नमुन्यात दोन सेंटीमीटर. साडेपाच फुटी माणूस साधारण ३.३५ सेंटीमीटरचा होतो. तेवढा एक कागदी खलाशी कापून जवळ ठेवा आणि काम करताना अधूनमधून जहाजावर उभा करा. कठडा त्याच्या गळ्यापर्यंत आला तर माप चुकलंय, हे लगेच कळतं.

जहाजाचा कणा पाच मिलिमीटर प्लायवूडचा कापा आणि काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून सरळ आहे का ते बघा. त्यावर खाचा पाडून बरगड्या बसवा. फेव्हिकॉल पुरता सुकेपर्यंत प्रत्येक बरगडी गुण्याने काटकोनात धरून ठेवायची. इथे घाई केली तर पुढे कितीही पॉलिश करा, जहाज वाकडंच दिसतं.

मग फळ्या. दीड मिलिमीटर जाड, पाच मिलिमीटर रुंद पट्ट्या पुरतात. अर्धा तास गरम पाण्यात भिजवून त्या गरम नळीवर हळूहळू वाकवायच्या. एक फळी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडेच. एकच बाजू आधी पूर्ण केली तर तिच्या ताणाने सगळा सांगाडा पिळवटतो. मधल्या बरगडीवर जितक्या फळ्या बसतात, तितक्याच नाळेपाशी कमी जागेत बसवायच्या असतात. म्हणून टोकाकडे त्या निमुळत्या करा, पण अर्ध्याहून अरुंद नको, नाहीतर चिरतात. शेवटी पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १५०, मग २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने.

आमच्या कोरड्या हवेची एक अडचण आहे. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. म्हणून तुकडे दोन-तीन महिने घरातच सुकू द्यावेत आणि तयार जहाज उन्हापासून लांब ठेवावं. शिडासाठी मी अम्मीच्या जुन्या मलमलच्या ओढण्या कडक चहात उकळतो. सुताचे तीन पदर एकत्र पिळून मेणावरून ओढले की तंतू बसतात आणि दोरखंड खरा वाटतो.

एका शिवजयंतीला गावातल्या प्रदर्शनात मी गुराब ठेवली होती. एका गृहस्थांनी बराच वेळ ती न्याहाळली, कौतुक केलं आणि मग विचारलं, "पण तुम्ही हे का करता? तुमचा काय संबंध?" स्वर रागाचा नव्हता, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. शेजारी माझा आठवीतला भाचा उभा होता आणि मी काय बोलतो याकडे त्याचे कान होते.

मी म्हटलं, "या, जहाज दाखवतो." गुराब हा शब्द अरबी. सुकाणू अरबी, खलाशी अरबी. नाखवा, बंदर आणि दर्या फारसीतून आले. आरमार पोर्तुगीजांकडून आलं. वल्हं हाती धरणारे कोळी आणि भंडारी इथलेच. १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांशी झुंज झाली, तेव्हा महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होते तसे दौलतखानही होते. मग मी नांगर दाखवला. शेतातला नांगर संस्कृत लांगलापासून आला, जहाजाचा नांगर फारसी लंगरापासून. मराठीच्या तोंडी दोन्ही एकच झाले.

गृहस्थ हसले. "हे माहीत नव्हतं हो," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांचं मन बदललं की नाही, मला ठाऊक नाही. भाच्याने मात्र घरी येऊन पहिला प्रश्न विचारला, "मामू, नांगर कशाचा बनवायचा?"

तांब्याच्या तारेचा बनवा. टोकं हातोडीने चपटी करायची आणि काळा रंग द्यायचा. खाली पाटीवर जहाजाच्या प्रत्येक भागाचं नाव मराठीत लिहायला विसरू नका. बघणारा आधी जहाज बघतो, पण थांबतो ते नावं वाचायला.